पुसू का, हे विचारलंच नाही

लोअर परळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने परळच्या धर्मादाय नेत्र-दवाखान्यात काम करणाऱ्या सुलभा दत्ताराम चव्हाण यांना फसवलं. त्याआधी मला फसवलं, पण ते मी गिळलं असतं. धंद्यात तेवढं चालतं. सुलभाताईंना जो प्रश्न कधी विचारलाच नाही, त्याला त्यांनी ‘हो’ असं उत्तर दिलं, असं कंपनीने लेखी कळवलं. त्या ‘हो’पायी त्यांची नोकरी गेली.

कंपनीचं नाव इथे दिसणार नाही. मी लिहिलं होतं, ठळक टायपात छापा असंही सांगितलं होतं. संपादकांनी हात जोडले. मग आमची बरीच घासाघीस झाली आणि शेवटी ‘लोअर परळ’ एवढं त्यांनी मला दिलं. तेवढं पुरे आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझा धंदा काय, हे सांगताना नेहमी पंचाईत होते. लग्नकार्यात कुणी विचारलं की बायको परस्पर सांगून टाकते, “कॉम्प्युटरचं बघतात.” मग समोरचा लगेच आपल्या मोबाइलची बॅटरी उतरते कशी ते सांगायला लागतो. मी बॅटरी बघत नाही. मी इन्स्टॉलर बनवतो. म्हणजे एखादा प्रोग्राम शेकडो कॉम्प्युटरांवर आपोआप बसवणारा दुसरा प्रोग्राम.

यात विशेष काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी वऱ्हाड उतरवून बघावं. नवरदेव एकटा येत नाही. मामा येतो, मामाचा मेहुणा येतो, त्याला पंख्याखालची जागा लागते. प्रोग्रामचंही तसंच. तो आपल्याबरोबर दहा लहान प्रोग्राम घेऊन येतो आणि त्यातला प्रत्येक जण दारात उभा राहून काहीतरी विचारतो. मी कुठे राहू? इथे आधीचा कोणी आहे, त्याला हलवू? मला हवा होता तो सोबती दिसत नाही, त्याच्याशिवाय आत येऊ का? एक कॉम्प्युटर असेल तर माणूस बसून उत्तरं देतो. शंभर असतील तर कोण बसणार? म्हणून मी उत्तरं आधीच लिहून ठेवतो. मशीन विचारतं, माझा प्रोग्राम उत्तर देतो, माणूस चहा पितो.

उत्तरं काय, कोणीही लिहील. कुठल्या प्रश्नाचं उत्तर आपण परस्पर द्यायचं नाही हे ओळखण्याचे मी पैसे घेतो. चुकांचंही तेच. प्रिंटर सापडला नाही, तर नोंद करून पुढे जायचं. पण जुन्या माहितीची प्रत काढताना चूक आली, तर तिथेच थांबायचं. थांबणं हेही काम आहे, हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता माझे केस गेले. पडद्यावर चूक दिसली की फोन येतो, “परब, तुझा प्रोग्राम अडकला रे.” अडकला नाही महाराजा, थांबलाय. समोर रस्ता खणलेला दिसला की टॅक्सीवाला थांबतो, त्याला कोणी अडकला म्हणतं का?

ही अक्कल मला कुठल्या कॉलेजात मिळाली नाही. घोडपदेवच्या चाळीतून निघालो तेव्हा खिशात बारावीचं सर्टिफिकेट आणि तोंडात शिव्या, एवढीच पुंजी होती. अक्कल गिऱ्हाइकांनी शिकवली, तीही माझं डोकं खाऊन.

लालबागला मालतीवहिनींचं मसाल्याचं दुकान आहे. मिरची निवडत, शिंकत, त्या बिलं करतात. बिलाचा प्रोग्राम मीच बसवून दिला होता. त्याची नवी आवृत्ती आली की तो विचारायचा, ‘नवीन आवृत्ती बसवू का?’ वर्षभराने गेलो तर वहिनींचा प्रोग्राम जिथल्या तिथे, आदिमानवाच्या काळातला.

“वहिनी, हे रोज विचारतंय त्याला काय सांगता तुम्ही?”

“नाय म्हणून सांगतंय.”

“रोज?”

“पयल्यांदा नायच म्हणूचा असता. गिरायक भाव सांगता, तेका मी लगेच हो म्हणतंय काय?”

“अहो पण हे गिऱ्हाईक नाही, मशीन आहे.”

“मगे? तेका गरज आसात तर परत इचारीत. ह्या दिसाक एकदाच इचारता नि गप रवता. म्हणजे तेका गरज नाय. मगे माका तरी खंय आसा?”

मी डोक्याला हात लावला. पण दादरपर्यंत चालत जाता जाता मला पटलं, की बाई बरोबर बोलली. भाव करणारा माणूस आधी ‘नाही’ म्हणतो. माझी सगळी गिऱ्हाइकं बाजारातली, सगळी भाव करणारी. त्या दिवसापासून माझा एक नियम झाला: माणसाने ‘नाही’ म्हटलं, नुसतं एंटर दाबलं किंवा उठून निघून गेला, तरी त्याचं काहीही बिघडता कामा नये. बिघडवायचं असेल, तर त्याला मुद्दाम कष्ट पडले पाहिजेत.

दुसरे गिरगावातले आगाशेकाका. आयुष्य एका सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून गेलेलं, आता सोसायटीचे चिटणीस. हिशेबाचा प्रोग्राम बसवायला गेलो. सगळ्या प्रोग्रामांच्या सुरुवातीला कंपनीचा लांबलचक करार येतो आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण असतं. जगात कोणी तो करार वाचत नाही. काकांनी चष्मा पुसला आणि वाचायला बसले. मी दोन चहा प्यालो. काकूंनी थालीपीठ लावलं, तेही खाल्लं.

“परब, हे कलम पाहिलंत? यांच्या प्रोग्राममुळे माझं नुकसान झालं तर हे जबाबदार नाहीत.”

“काका, सगळीकडे तेच असतं. मान्य दाबा.”

“मग जबाबदार कोण?”

“कोणी नाही. दाबा.”

“असं कसं दाबू? ‘खालील सुधारणांसह मान्य’ असं बटण कुठे आहे?”

तसं बटण नसतं, हे मी त्यांना आधी शांतपणे सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं, मग जिन्यात उभं राहून सांगितलं. काकांनी सुधारणांचा मसुदा इंग्रजीत तयार करून परदेशातल्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर यायचंय. सोसायटीचा हिशेब अजून हाताने चालतो. मी गिरगावभर त्यांची टिंगल करत फिरलो. हल्ली करत नाही.

आता कंपनीकडे येतो.

दवाखान्यांसाठी त्यांचा एक प्रोग्राम आहे. पेशंटची नावं, तपासण्या, औषधं, सगळं त्यात राहतं. त्याचा इन्स्टॉलर कंत्राटावर मी बनवला. काम बघायला निखिल नावाचा त्यांचा मॅनेजर. गोरागोमटा, गोड बोलणारा, एका वाक्यात तीनदा ‘सर’ म्हणणारा. माझ्या इन्स्टॉलरमध्ये अकरा प्रश्न होते. निखिल म्हणाला, “सर, आम्हाला झिरो हवेत.”

“झिरो म्हणजे?”

“म्हणजे युजरला काही विचारायचंच नाही सर. डबल क्लिक, ग्रीन टिक, हॅपी.”

“तुम्ही माणसाच्या घरातलं कपाट हलवणार आणि त्याला विचारणार नाही?”

“सर, लोक वाचतच नाहीत. सरळ यस-यस करत जातात. मग विचारायचं कशाला?”

“लोक भाजीवाल्याच्या काट्याकडेही रोज बघत नाहीत. म्हणून त्याने काटा घरी ठेवून यायचं?”

निखिल हसला. हसणाऱ्या माणसाशी भाव करताना सावध राहावं लागतं. आमचा सौदा सुरू झाला. ‘भाषा कुठली हवी’ हा प्रश्न मी सोडला. ‘कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू’ सोडला. प्रत्येक प्रश्न सोडताना मी पोटात कळ आल्यासारखा चेहरा केला. आता सांगायला हरकत नाही, त्यातले पाच मी सोडण्यासाठीच घातले होते. तो शून्यावरून हलेना, मी एकाच्या खाली येईना. शेवटी मी लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला आणि दारापर्यंत गेलो. निखिल मागे आला. एक प्रश्न राहिला.

तो असा: ‘या कॉम्प्युटरवर जुनी माहिती सापडली आहे. ती कायमची पुसायची असेल तर “पुसा” हा शब्द टाइप करा. नुसतं एंटर दाबलं तर काहीही पुसलं जाणार नाही.’

“टाइप? सर, निदान बटण ठेवा ना.”

“बटणावर मांजर बसलं तरी दाबलं जातं. मांजराला ‘पुसा’ लिहिता येत नाही.”

त्याच्याच जोडीला चुकांबद्दल एक अट घातली. कुठल्याही कामाला हात लावण्याआधी जुन्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची, आणि प्रत निघाली नाही तर पुढे एक पाऊल टाकायचं नाही. निखिलने मान डोलावली. आम्ही हात मिळवले. आमच्या लालबाग-परळात हात मिळवला की विषय संपतो. त्यांच्या काचेच्या इमारतीत मिळवलेला हात चहा येईपर्यंतच टिकतो, हे मला नंतर कळलं.

परळचा दवाखाना त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांतला. जुना, दगडी, दारात चपलांचा ढीग. काचबिंदूचे पेशंट जास्त. काचबिंदूत नजर कडेने, हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. डोळ्यातला दाब दर खेपेला मोजतात. एकट्या आजच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. मागचे आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरला दिसतं, औषध लागू पडतंय की डोळा चाललाय. हे मागचे आकडे सुलभाताई सांभाळायच्या. पेशंट दारातून आत येईपर्यंत त्यांनी त्याचं पान उघडलेलं असायचं. “या मोरेकाका, थेंब घालता की फ्रिजमध्ये ठेवून नुसती पूजा करता?” अशी त्यांची बोलायची तऱ्हा.

पहिल्यांदा इन्स्टॉलर चालवला तेव्हा त्यांचा मला फोन आला.

“परब, हे विचारतंय, पुसायचं तर पुसा लिहा. मी काय करू?”

“तुम्हाला पुसायचंय?”

“वेड लागलंय का मला?”

“मग नुसतं एंटर दाबा.”

“तुम्ही फोनवर आहात तोवरच दाबते. थांबा... दाबलं. आहे सगळं. ठेवा आता, पेशंट उभे आहेत.”

अशी बाई. मशीनने प्रश्न विचारला की थांबणारी, फोन करणारी. माझ्या धंद्यात असं गिऱ्हाईक देव्हाऱ्यात ठेवावं असं असतं.

मग माझं कंत्राट संपलं. निखिलने गोड मेसेज पाठवला, ‘सर, आता आमची टीमच बघेल.’ बघा म्हटलं. दवाखान्यात नवी आवृत्ती आली. कंपनीच्या सूचनेप्रमाणे सुलभाताईंनी डबल क्लिक केलं. पडद्यावर एक पट्टी सरकली, हिरवी खूण आली, खाली ‘अभिनंदन!’ असं आलं. सुलभाताईंनी पहिल्या पेशंटचं नाव टाकलं. पेशंट सापडला नाही. दुसऱ्याचं टाकलं. सापडला नाही.

मला फोन आला तेव्हा त्या ओरडत नव्हत्या, हेच मला खटकलं. “परब,” त्या म्हणाल्या, “अभिनंदन आलंय आणि माणसं गेलीत.”

मी धावत गेलो. कंपनीचा इन्स्टॉलर उघडला. तो साधा मजकूर असतो, वाचता येतो. वरून माझं नाव काढलं होतं, ते जाऊ दे. प्रत काढताना चूक आली तर ‘थांबा’ असं मी लिहिलं होतं, तिथे ‘पुढे चला’ असं केलं होतं. ती चूक पडद्यावर दाखवायचंही बंद केलं होतं. प्रत ठेवायची डिस्क भरली होती. प्रत निघालीच नाही आणि कोणाला कळलंही नाही. माझ्या एकुलत्या एक प्रश्नाच्या जागी सरळ उत्तर बसवलं होतं: हो. प्रश्न गायब, उत्तर हजर. म्हणजे दवाखान्यातली वर्षानुवर्षांची माहिती विनाप्रत, विनाचौकशी पुसली गेली आणि वर अभिनंदन.

कंपनीने चौकशी केली म्हणे. अहवाल आला. त्यात एक वाक्य: ‘वापरकर्त्याने जुनी माहिती पुसण्यास संमती दिली.’ दवाखान्याचा वापरकर्ता म्हणजे सुलभाताई. झालं.

दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टच्या बैठकीत मी न बोलावता गेलो. सेक्रेटरी पुरंदरेसाहेब, दोन-तीन विश्वस्त आणि कंपनीतर्फे निखिल. सुलभाताई भिंतीशी खुर्चीवर. मी एक जुना कॉम्प्युटर उचलून नेला होता. त्यावर खोट्या नावांचे पेशंट भरले, सगळ्यांना दाखवले, आणि कंपनीचाच इन्स्टॉलर चालवला.

“बघा सगळे. पुसू का असं जिथे विचारेल तिथे मला थांबवा.”

पट्टी सरकली. हिरवी खूण. अभिनंदन. पेशंट गुल.

पुरंदरेसाहेब पुढे वाकले. “म्हणजे प्रश्न येतच नाही?”

निखिलने घसा साफ केला. “सर, ॲक्च्युअली युजरने इन्स्टॉलर चालू केला, तीच संमती धरली जाते. डिफॉल्ट यस आहे.”

“कोणाचं डिफॉल्ट?” मी विचारलं.

“सिस्टिमचं, सर.”

“मग अहवालात लिही ना, ‘सिस्टिमने पुसलं’.”

“सर, अहवालाचा तसा फॉरमॅट नाहीये.”

मी टेबलावर हात आपटला. पुरंदरेसाहेबांचा चहा त्यांच्या शर्टावर गेला. बैठक तिथेच संपली आणि लोकांनी माझ्या रागाबद्दलच बोलायला सुरुवात केली, जणू पेशंटची माहिती माझ्या रागानेच पुसली.

जिन्यात पुरंदरेसाहेबांनी मला गाठलं. “परब, तुमचं बरोबर असेल हो. पण उद्या कंपनीने प्रोग्राम बंद केला तर दवाखाना कसा चालवू? आणि पेशंटना काहीतरी सांगायला हवं ना?”

पेशंटना ‘काहीतरी’ सांगितलं. बाईकडून चूक झाली, बाई आता नाहीत. सुलभाताईंना राजीनामा द्यायला लावला. कंपनीने सदिच्छा म्हणून दवाखान्याला वर्षभराची सेवा फुकट दिली. सदिच्छेचा खर्च कोणाच्या नावावर टाकला ते तुम्ही बघितलंच.

दवाखान्यात आता पेशंट घरून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून जुने कागद आणतात आणि नव्या मुली ते पुन्हा भरतात. ज्यांनी जपले, त्यांचे आकडे आहेत. मोरेकाकांचे कागद पावसाळ्यात भिजून लगदा झाले होते. त्यांचं नवं पान उघडलं त्या सकाळी त्यांचा काचबिंदू कागदोपत्री नव्याने सुरू झाला. डोळ्यांना ते कोण समजावणार?

सुलभाताईंनी दादरच्या दोन लॅबमध्ये अर्ज केले. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सोडलीत? त्यांनी खरं ते सांगितलं. दोन्हीकडे ‘कळवतो’ म्हणाले.

हे लिहायच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोहे केले आणि मला आधीच बजावलं, “तुम्ही माझ्यासाठी ओरडू नका. तुम्ही ओरडलात की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी चुकलंच असणार.”

“मग लिहू की नको?”

“लिहा. पण माझं नाव अर्धवट लिहू नका. ‘एक महिला कर्मचारी’ वगैरे नको. पूर्ण लिहा. त्यांनी माझ्या नावावर ‘हो’ लिहिलंय, तर माझं नावही लोकांना कळू दे.” पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “आणि परब, मी तेव्हा तुम्हाला फोन केला असता हो. विचारलं असतं तर.”

म्हणून हे लिहिलं, न ओरडता. निखिल, तू हा अंक वाचणार नाहीस, पण तुझ्या इमारतीत वाचणारे बरेच आहेत, त्यांतले काही अजून घोडपदेवला राहतात. ते तुझ्या टेबलावर आणून ठेवतील. मला नुकसानभरपाई नको. इन्स्टॉलरवरून काढलेलं माझं नावही नको. तुमच्या अहवालातलं ते एक वाक्य दुरुस्त करून द्या. ‘वापरकर्त्याने संमती दिली’ असं तुम्ही लिहिलंत. प्रश्नाच्या जागी ‘हो’ तुमच्या टीमपैकी कोणीतरी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं. त्या माणसाला नाव आहे, त्याला ते करायला सांगणाऱ्यालाही नाव आहे. ती दोन नावं कंपनीच्या कागदावर, खाली सही करून, सुलभा दत्ताराम चव्हाण यांच्या हातात द्या, आणि पुरंदरेसाहेब, तुम्ही तो कागद दवाखान्याच्या दारात, पेशंट चपला काढतात तिथे लावा. भाव करायची मला सवय आहे, पण यात कमी-जास्त करणार नाही. ‘हो’ कोण म्हणालं, ते सांगा.